लग्नांच्या व्हिडिओ एडिटिंगसाठी आणि गेमसाठी जुना डेस्कटॉप सुधारावा की बदलावा?

प्रश्न (खानापूर तालुका)

नमस्कार. माझ्याकडे २०१७ साली बेळगावात जुळवून घेतलेला डेस्कटॉप आहे. त्यात इंटेलचा आय५-७४०० प्रोसेसर, एच११० मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एकच पट्टी, १ टीबी हार्ड डिस्क आणि ४ जीबीचे जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड आहे. लग्ने आणि गावोगावच्या महालक्ष्मी यात्रा चित्रित करणाऱ्या छायाचित्रकारांसाठी मी प्रीमियर प्रो या सॉफ्टवेअरमध्ये एडिटिंग करतो. फुल एचडीचे काम आजवर सुरळीत होत असे. आता मात्र सोनीच्या कॅमेऱ्यांतून ४के, १०-बिट फाइली येऊ लागल्या आहेत आणि टाइमलाइनवर चित्र सतत अडखळते. रात्री थोडा वेळ गेम खेळतो, पण नवे गेम या कार्डावर नीट चालत नाहीत. तरतूद ४५,००० रुपयांची आहे. आरटीएक्स ३०६० कार्ड बसवले की दोन्ही अडचणी दूर होतील, असे दुकानदाराचे म्हणणे आहे. तुळशीच्या लग्नानंतर कामाची गर्दी सुरू होईल, त्याआधी निर्णय घ्यायचा आहे.

उत्तर (निपाणी)

कृपया आधी कार्ड घेऊ नका. आपली एडिटिंगची अडचण बहुधा कार्डाच्या ताकदीची नसून फाइलच्या प्रकाराची आहे. सोनीचे नवे कॅमेरे १०-बिट ४:२:२ रंगांत (म्हणजे रंगांची जास्त माहिती साठवून) चित्रीकरण करू शकतात आणि अशी फाइल उलगडण्याची (डिकोड करण्याची) सोय ना आपल्या १०५० टीआयमध्ये आहे, ना ३०६०मध्ये; या कार्डांच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने ती आरटीएक्स ५० मालिकेत प्रथम दिली. त्यामुळे सगळा भार प्रोसेसरच्या चार कोअरवर (गणन-केंद्रांवर) येतो, आणि ३०६० बसवल्यानंतरही तो तिथेच राहील.

इंटेलच्या ११व्या पिढीपासून डेस्कटॉप प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स एचईव्हीसी (एच.२६५) या पद्धतीने दाबलेल्या ४:२:२ फाइली स्वतः उलगडतात आणि प्रीमियर त्याचा उपयोग करून घेते. म्हणून माझ्या मते आपण आय५-१२४०० घ्यावा. सहा कोअर आणि बारा थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामे) असल्याने गेममधील अडखळणेही कमी होईल. मात्र नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला १२४००एफ थोडा स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, कारण त्यात अंगभूत ग्राफिक्सच नसते आणि आपल्याला नेमके तेच हवे आहे. वेगळे कार्ड लावल्यावर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) अंगभूत ग्राफिक्स चालू ठेवायला विसरू नये.

सध्याच्या बोर्डावर ८व्या किंवा पुढच्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. सॉकेटचे (प्रोसेसर बसतो त्या खाचेचे) नाव ११५१ असेच असले तरी इंटेलने त्यासाठी ३०० मालिकेचे चिपसेट (बोर्डावरील नियंत्रक चिप) सक्तीचे केले होते. तेव्हा बोर्ड बदलावाच लागेल. डीडीआर४ रॅम घेणारा एच६१० किंवा बी६६० बोर्ड निवडल्यास आपली पट्टी वाया जाणार नाही. रॅमचे भाव चढलेले असताना ही बचत लहान नाही.

उत्तर (बेळगाव, शहापूर)

वरील सल्ला योग्य आहे, तरी या हंगामापुरते मी वेगळे सुचवतो. प्रीमियरमध्ये ‘प्रॉक्सी’ तयार करा: मूळ फाइलींच्या कमी आकाराच्या प्रती रात्रभर बनू द्याव्यात, दिवसा त्यांच्यावर काम करावे आणि एक्सपोर्टच्या (अंतिम व्हिडिओ तयार करण्याच्या) वेळी सॉफ्टवेअर मूळ फाइलीच घेते. त्याला जोड म्हणून ८ जीबीची दुसरी पट्टी आणि एक साटा एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) घ्यावी. दोन्ही पुढे नव्या बोर्डावरही उपयोगी पडतील.

तरीही हा संगणक फार काळ ओढू नये. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने ठरवलेल्या यादीत आपला प्रोसेसर नाही. ग्राहकांच्या लग्नांचे एकमेव चित्रीकरण ज्या यंत्रावर असते, त्याच्या सुरक्षिततेबाबत तडजोड करणे मला पटत नाही.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. फाइली तपासल्या. त्या ४:२:२ आहेतच, पण कोडेक (व्हिडिओ दाबण्याची पद्धत) एच.२६४ दिसतो. १२४०० घेतल्यास त्या चालतील का?

उत्तर (निपाणी)

बरे झाले विचारलेत. एच.२६४ मधील ४:२:२ फाइल १२४०० चे अंगभूत ग्राफिक्सही उलगडत नाही. छायाचित्रकारांशी बोलून सोनीच्या ‘एक्सएव्हीसी एचएस’ या प्रकारात चित्रीकरण करवून घ्या, तो एचईव्हीसी आहे. किंवा रंगांवर फार काम करायचे नसेल तर ४:२:० (रंगांची कमी माहिती) पुरेसे आहे, आणि ते आपल्या आताच्या संगणकावरही बरेच सुसह्य होईल. हळदीच्या समारंभासाठी ४:२:२ ची गरज क्वचितच पडते. ते जमले नाही तर प्रॉक्सीचा मार्ग नव्या यंत्रावरही आहेच. कार्ड मात्र सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांतून घ्यावे; तोवर १०५० टीआय नव्या बोर्डावर चालेल.

उत्तर (जांबोटी परिसर)

एकच भर घालतो. पुढे ३०६० घेतलेत तर त्याला वेगळी वीजजोडणी लागते आणि एनव्हिडिया किमान ५५० वॅटच्या एसएमपीएसची (संगणकातील वीजपुरवठ्याच्या डब्याची) शिफारस करते. जुना एसएमपीएस तसाच ठेवू नये. आपल्या भागात पावसाळ्यात वीज वारंवार जाते, तेव्हा यूपीएसही पाहावा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, आणि एक्सपोर्ट किंवा गेम चालू असताना तो अपुरा पडू शकतो. १,००० व्हीएचा घ्यावा आणि घरच्या अर्थिंगची तपासणी वायरमनकडून आधीच करून घ्यावी.