२७ टक्के कशाचे, ते तर सांगा

खोडरबर:
काल इथे एकांनी ‘अल्झायमर हरला’ असा धागा काढला. लेकेनेमॅब या औषधाने आजार २७ टक्क्यांनी मंदावतो, तेव्हा रडतराऊंनी आता गप्प बसावं, असा एकूण सूर. प्रतिसाद लिहायला बसलो तर एवढा लांबला की वेगळा धागाच काढतोय.

२७ टक्के कशाचे? आजार किती बळावला ते मोजणारी १८ गुणांची पट्टी, १८ महिने. औषधवाले १.२१ गुणांनी घसरले, बिनऔषधवाले १.६६ ने. फरक ०.४५. त्या पट्टीवरची सगळ्यात लहान पायरीच अर्ध्या गुणाची आहे! त्यासाठी दर पंधरवड्याला सलाईन, एमआरआयच्या वाऱ्या, आणि साधारण आठातल्या एकाच्या मेंदूत सूज. १९९२ पासून सगळे अमायलॉइडच्याच मागे, म्हणजे मेंदूत साठणारं जे प्रथिन हे औषध साफ करतं त्याच्या. २००६ च्या ज्या शोधनिबंधाचा एवढा उदोउदो झाला, त्यातल्या चित्रांतच फेरफार निघाला. २०२४ मध्ये मागे घेतला.

पाटीपेन्सिल:
तो निबंध अमायलॉइडच्या एका विशिष्ट रूपाबद्दल होता. तो गेला म्हणून सगळं गेलं? ज्यापासून अमायलॉइड बनतं त्या एपीपी जनुकातला बिघाड १९९१ मध्येच सापडलाय. तो असलेल्या घराण्यांत ऐन पन्नाशीत आजार येतो. ते जनुक २१व्या गुणसूत्रावर. डाउन सिंड्रोममध्ये त्याची तिसरी प्रत असते, त्यांनाही हा आजार लवकर गाठतो. आइसलँडमध्ये २०१२ ला उलटा बदल सापडला: अमायलॉइड कमी, आजारही कमी. हेही चित्रांत फेरफार करून?

खोडरबर:
अशी घराणी एकूण रुग्णांत एक टक्काही नाहीत. आणि मेंदूत अमायलॉइडचे थर असूनही शेवटपर्यंत ठणठणीत राहिलेले लोक शवविच्छेदनात सापडतात, त्यांचं काय?

तिरपागडा:
मूळ दुखणं उंदीर! उंदराला अल्झायमर होतच नाही. आधी माणसाचं बिघडलेलं जनुक घालायचं, मग साठलेलं अमायलॉइड आपणच साफ करायचं, की ‘गेलेली स्मृती परत आली’ अशी बातमी. मी असल्या मथळ्यांत ‘उंदरांची’ हा शब्द पेनाने घालतो.

उंदीरमामी:
सहा वर्षं त्यांचे पिंजरे साफ केलेत मी. हौदात सोडायचं, आणि पाण्याखालचा पाट कुठे होता हे त्यांना आठवतं का, ते सेकंदात मोजायचं. खुर्चीतून पेन चालवणं सोपं असतं. मे १९४० मध्ये आठ उंदरांना जंतू टोचले, चौघांना पेनिसिलिन दिलं, तेच चौघे जगले. तेव्हाही मथळा दुरुस्त केला असतात?

तिरपागडा:
अहो मामी, तिथे संसर्ग तरी खरा होता. इथे आजारच नकली. आणि २००६ चं टीजीएन१४१२ हे प्रायोगिक औषध विसरलात? माकडांना काही झालं नाही. लंडनमध्ये सहा माणसांना दिलं, सहाही अतिदक्षता विभागात.

उंदीरमामी:
कारणही सापडलं नंतर. औषध ज्या रेणूला चिकटतं तो त्या माकडांच्या नेमक्या पेशींवर नव्हताच. म्हणजे प्राणी नीट निवडा. प्राणीच नकोत, हे कुठून आलं? आणि ‘मामी’ हे माझं टोपणनाव आहे, नातं लावू नका.

खोडरबर:
धागा उंदरांनी कुरतडला. चालू द्या.

नाइलाजाने:
मगापासून वाचतेय. माझ्या आईची नऊ वर्षं यात गेली. तिसऱ्या वर्षी मला म्हणाली, ‘बाई, तुम्ही कुणाकडे आलात?’ खोडरबर, तुम्हाला नको असलेला तो ०.४५ मला चालला असता.

खोडरबर:
नको म्हणालोच नाही. माझ्या काकांना याच जातीचं औषध दिलं. मेंदूत रक्तस्रावाचे ठिपके दिसले, थांबवावं लागलं. तोवर घरात सगळे ‘आता बरे होणार’ म्हणून बसलेले. माझा राग औषधावर नाही, ‘हरला’ या शब्दावर आहे.

नाइलाजाने:
मग एवढंच लिहायचं होतं. गुणांचा हिशेब कशाला मांडलात?

पाटीपेन्सिल:
काकांची एपीओई४ या जनुकप्रकाराची तपासणी झाली होती? दोन प्रती असल्या तर हा धोका बराच वाढतो.

खोडरबर:
नाही. कुणी सुचवलंही नाही. आत्ता कळतंय, तेही तुमच्याकडून, म्हणजे कमालच. बरं, तुमच्या अमायलॉइडला २७ गुण. शंभरपैकी.

तिरपागडा:
उंदरांमध्ये की माणसांमध्ये?