अनुभव धागा : हौशी वाटाड्यांनो, नियमावलीशी तुमची पहिली गाठ कशी पडली?

रविवारची झोप मोडून लोकांना फुकटात गाव, गड, लेणी दाखवणाऱ्यांसाठी हा धागा. सुरुवात माझ्यापासून.

मी पुण्यात पेठांमधून वारसा फेरी घेते. संस्थेनं दिलेली नियमांची चार पानं मी पर्समध्ये कोंबली आणि सनावळ्या घोकत बसले. शनिवारवाड्यापाशी एका मुलानं विचारलं, "रात्री 'काका मला वाचवा' ऐकू येतं ना?" मी जे रंगवून सांगितलं! आमचे समन्वयक मागेच उभे होते. चहाच्या वेळी एवढंच म्हणाले, "पान तीन." नारायणरावांचा खून १७७३चा, तो इतिहास. हाका ही ऐकीव गोष्ट. सांगा, पण 'लोक असं म्हणतात' हे जोडून सांगा. तेव्हापासून हाकांची गोष्ट तशीच सांगते. पोरं थोडी हिरमुसतात खरी.

शिंपलेवाला
मुंबईत ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर फेरी असते. आमचा पहिला नियम : दगड उलटलात तर जसा होता तसाच परत ठेवा. मला तो पांडित्य मिरवणं वाटायचा. मग एकदा घाईत एक दगड पालथाच राहिला. अर्ध्या तासानं त्याच वाटेनं परतलो, तर वरच्या अंगाला चिकटलेला ओला, नारिंगी थर उन्हानं पांढुरका पडत चालला होता. अंधारात, ओलीत राहणारे जीव ते.

दुसरा नियम : काही उचलायचं नाही. एका काकूंनी नक्षीदार शंख रुमालात बांधला, शोकेससाठी. कोन जातीचा, आणि आत धनी हजर! हा प्राणी विषारी काटा मारतो, काही जातींच्या डंखानं माणसं दगावली आहेत. मी ओरडलो असतो तर त्यांनी मूठच आवळली असती. "काकू, रुमाल अलगद खाली ठेवा, एक गंमत दाखवतो," म्हटलं. गंमत त्यांना कळली तेव्हा त्या खडकावर बसल्याच.

लेणीवेडा
अजिंठ्याला सोसायटीची मंडळी नेली होती. (सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. हे तरी मला ठाऊक होतं.) पहिल्या लेण्याबाहेर माझं पद्मपाणि-पुराण (आतल्या प्रसिद्ध भित्तिचित्राचं) चालू असताना तिथल्या परवानाधारक गाइडनं अडवलं. मी तोऱ्यात म्हणालो, "मी पैसे घेत नाही." तो शांतपणे म्हणाला, "मग सकाळी बसमध्ये शंभर-शंभर कशाचे गोळा केले?" चहा-नाश्त्याचे होते हो, पण सांगणार कसं?

घरी येऊन १९५९ची स्मारकविषयक नियमावली वाचली. संरक्षित स्मारकात मोबदला घेऊन लोकांना फिरवायचं तर परवाना लागतो. खाणंसुद्धा परवानगीच्या जागेतच. म्हणजे आमची पायरीवरची भेळही नियमाबाहेरच गेली होती. आता वर्गणीचा हिशेब आधीच सगळ्यांना लेखी पाठवतो आणि तिथलाच गाइड घेतो. मी बसमध्ये बडबडतो. त्याच्याकडून एक सवय उचलली : गोष्ट बाहेर सांगून संपवायची, आत फक्त बघायचं. माणसांच्या श्वासातली दमट हवासुद्धा त्या रंगांना बाधते.

पिछाडीवर
गडावर माझी जागा कायम शेवटची. नियम दोनच : डिओ मारून यायचं नाही (वासानं आग्यामोहोळ उठतं!) आणि डोकी मोजायची. चढताना २७, उतरताना २८. दोनदा मोजलं. माचीवर एक पोरगा गप्पांच्या नादात आमच्यात मिसळला होता. त्याचा गट वर त्याच्या नावानं हाका मारत होता. तेव्हापासून नावं वाचून हजेरी घेतो, शाळेसारखी.

सातासमुद्रापार
इकडच्या एका कलादालनात मी आठवड्यातून एकदा विनावेतन फेरी घेते. बक्षिसी घ्यायची नाही, भेटवस्तू मिळाली तर वहीत नोंद. साताऱ्याच्या एका आजींना गणेशमूर्तीची माहिती मराठीतून सांगितली. निघताना त्यांनी पिशवीतून डबा काढला. नाही म्हणायची सोय नव्हती. "डबा परत नको, ठेव," म्हणाल्या.

वहीत लिहिलं : बेसन लाडू, ९ नग. पुढचा रकाना 'अंदाजे किंमत'. पेन तिथंच अडलं. वरिष्ठ बाईंनी एक लाडू उचलला, खाल्ला, नऊचे आठ केले आणि रकान्यात रेघ मारली.