अनुभव धागा : दाताचा इम्प्लांट बसवला, आता त्याची सवय कशी लागते?

दाताचा इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचं कृत्रिम मूळ, कसा बसवतात याची माहिती हवी तेवढी मिळते. पुढच्या महिन्यांत तोंड आणि मन त्याच्याशी कसं जुळवून घेतं, यावर मात्र फार कमी लिहिलं जातं. या कामातल्या मंडळींनी आणि वापरणाऱ्यांनी इथे लिहावं. आपली कहाणी नको. काय केलं की काय होतं, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, तेवढं नेमकं सांगा.

ओरल सर्जन

सूज पहिल्या दिवशी नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. हे आधी सांगितलेलं नसलं की काहीतरी बिघडलं असं वाटून माणूस हादरतो. पहिल्या दिवशी गालावरून बर्फ २० मिनिटं लावायचा, २० मिनिटं थांबायचं. चूळ २४ तासांनंतर : पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. जोरात थुंकू नका, पाणी तोंडातून आपसूक गळू द्या. रक्ताची गुठळी निघाली तर जखम उघडी पडते.

खालचा ओठ किंवा हनुवटी दुसऱ्या सकाळीही बधिर असेल तर लगेच फोन करा. इम्प्लांटचा नसेवर दाब असू शकतो आणि इम्प्लांट हलवायचा झाला तर पहिला दिवस-दीड दिवस मोलाचा असतो. 'होईल कमी' म्हणत आठवडा घालवू नये. वरच्या जबड्यात सायनसचा (नाकाशेजारच्या हवेच्या पोकळीचा) तळ उचलून हाड भरलं असेल तर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही आणि शिंक तोंड उघडं ठेवून द्यायची.

खरा धोका तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास असतो. सुरुवातीला जुनं हाड इम्प्लांटला नुसतं आवळून धरतं. मग ते हाड थोडं झिजतं आणि त्या जागी नवं तयार होतं. या मधल्या काळात पकड सगळ्यात ढिली असते, आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असल्यामुळे लोक त्या बाजूने चावायला लागतात. दुखत नाही म्हणजे हाड जुळलं, असं नाही. आधुनिक इम्प्लांटचे जनक, स्वीडनचे डॉक्टर ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. त्यांच्या मूळ पद्धतीत खालच्या जबड्याला साधारण तीन आणि वरच्याला सहा महिने थांबत, कारण वरचं हाड जास्त भुसभुशीत. आज हा काळ बराच कमी झाला आहे, पण तो डॉक्टरांनी ठरवायचा, दुखणं थांबलं म्हणून आपण नाही.

प्रोस्थोडॉन्टिस्ट (कृत्रिम दात बसवणारे दंतवैद्य)

इम्प्लांटवर कॅप (वरचा कृत्रिम दात) बसल्यावर बहुतेक जण म्हणतात, 'दात लाकडाचा वाटतो.' ते खरंच आहे. नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची पातळ गादी असते. चावताना दात तिच्यात किंचित दबतो आणि घास कडक की मऊ हे तिथूनच मेंदूला कळतं. इम्प्लांटला ही गादी नाही, तो थेट हाडाला चिकटलेला. काही महिन्यांत मेंदू हाड, स्नायू आणि जबड्याचा सांधा यांच्याकडून मिळणाऱ्या खुणा वाचायला शिकतो. परकेपणा कमी होतो, पण नैसर्गिक दाताइतकी बारीक जाणीव येत नाही.

याचा व्यावहारिक परिणाम असा : कॅप किंचित उंच राहिली तरी रुग्णाला ते जाणवेलच असं नाही. म्हणून 'कसं वाटतंय?' एवढ्या प्रश्नावर भागवू नये. ८ मायक्रॉनची पातळ पट्टी दातांमध्ये धरून पाहायची : हलकं चावल्यावर ती सुटून यावी, घट्ट चावल्यावर अडकावी. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावं. रात्री दात खाण्याची सवय असेल तर नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं आवरण) हवाच.

कॅप धरून ठेवणारा आतला छोटा स्क्रू सैल झाला तर सहसा दुखत नाही. कॅप जराशी हलते किंवा कडेने घाण चव येते. जिभेने हलवत बसू नका, त्या बाजूने चावू नका, दोन-चार दिवसांत दाखवा. वेळेत आवळला तर दहा मिनिटांचं काम. तसाच वापरला तर स्क्रू आत तुटतो, आणि तो तुकडा काढणं किचकट असतं.

रुग्ण समुपदेशक

मन सगळ्यात जास्त खचतं ते दात काढल्यावर, कॅप येण्याआधीच्या महिन्यांत. दात जाणं हे शरीराचा भाग जाणंच आहे; त्याचं दुःख होणं साहजिक आहे, 'एका दातासाठी एवढं काय' असं कुणी म्हणू नये. पुढचा दात असेल तर काढण्याआधीच विचारा : 'त्या दिवशी मी काय लावून बाहेर पडणार?' तात्पुरता दात हिरडीवर टेकत असेल तर घासून घ्या. त्या दाबाने खालचं जुळणं बिघडतं.

कॅप आल्यावरही काही जण वर्षभर दुसऱ्याच बाजूने चावतात. त्यांना धीर देऊन भागत नाही, पायऱ्या लागतात. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आठवडाभर मऊ पदार्थ छोट्या घासांनी, मग थोडे घट्ट, मग टणक. दोन्ही बाजूंनी आलटूनपालटून. पूर्ण जबडा बदलला असेल तर 'स' आणि 'च' अडखळतात. रोज दहा मिनिटं मोठ्याने, सावकाश वाचलं की बहुतेकांचे उच्चार काही आठवड्यांत सुधारतात. त्यानंतरही शिट्टीसारखा आवाज राहिला तर दोष जिभेचा नसून कॅपच्या आकाराचा असू शकतो, दुरुस्ती मागा.

डेंटल लॅब तंत्रज्ञ

रंग दिवसाच्या उजेडात आणि भेटीच्या सुरुवातीलाच ठरवा. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात सुकून पांढरे दिसतात. तेव्हा जुळवलेली कॅप घरी गेल्यावर शेजारच्या दातांपेक्षा उजळ दिसते.

डेंटल हायजिनिस्ट (दात-हिरड्यांची सफाई करणारे)

इम्प्लांट किडत नाही, पण त्याभोवतीची हिरडी आणि हाड बिघडतं. ठणकून सांगणारी नस तिथे नाही, त्यामुळे ब्रश करताना येणारं रक्त हाच इशारा समजा. या टप्प्यावर उपाय केला तर हिरडी पूर्ववत होऊ शकते. हाड झिजलं की ते सहजी परत येत नाही. सिगारेट आणि काबूत नसलेला मधुमेह यांनी हा धोका वाढतो.

कॅपखालचा खांब दाताच्या मुळापेक्षा अरुंद असतो, म्हणून कडेला अन्न अडकतंच. दातांमधला छोटा ब्रश प्लास्टिकचं आवरण असलेल्या तारेचा घ्या, आत जाताना किंचित अडेल इतक्या मापाचा. फ्लॉसचे धागे सुटत असतील तर तो वापरू नका. खाली राहिलेल्या तंतूनेही हिरडी सुजते. काही वर्षांनी शेजारचा दात किंचित सरकून फट पडू शकते. तुमचं काही चुकलेलं नसतं. कॅप दुरुस्त करून किंवा बदलून ती बुजवता येते.

इम्प्लांटवर अडकणारी कवळी सैल वाटली तर आधी आतल्या नायलॉनच्या चकत्या बदलून घ्या, त्या झिजतातच.

आणि इम्प्लांटचं कार्ड मागून घ्या : कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी, लॉट क्रमांक. दहा वर्षांनी दुसऱ्या गावातल्या डॉक्टरांना स्क्रू आवळायचा झाला तर त्याच कंपनीला बसणारा ड्रायव्हर लागतो.