‘लयकारिका’मधला लय कोणता?

प्रश्न: मुलीचा विज्ञानाचा धडा घेताना पेशीची अंगकं आली. ‘लयकारिका’ वाचून ती म्हणाली, “ही गाते का?” मला पटकन उत्तर सुचलं नाही. शब्द कसा बनला? की सरळ ‘लायसोसोम’च म्हणावं?

उत्तर: गाण्यातली ती लय, हा तो लय, लिंगातच फरक आहे. ‘उत्पत्ती, स्थिती, लय’ म्हणतो त्यातला हा. विलय, प्रलय, विलीन ही सगळी त्याच ‘ली’ धातूची भावंडं. मूळ नावात ग्रीक ‘लिसिस’ म्हणजे सुटं होणं, विरघळणं आणि ‘सोमा’ म्हणजे शरीर. मराठीत शरीर गेलं, ‘करणारी’ आली. मला तर मराठी शब्दच सरस वाटतो, कारण पेशीतले जुने भाग मोडणारी ही लयकारिका आधी कामावरूनच ओळखू आली.

१९४९ साली बेल्जियममधल्या लूव्हाँ विद्यापीठात ख्रिस्तियाँ द दुव्ह इन्सुलिनच्या क्रियेचा शोध घेत होते. उंदराचं यकृत हलक्या हाताने घोटून पाहिलं, तर ॲसिड फॉस्फटेज या विकराचं (एन्झाइमचं) काम अपेक्षेच्या जेमतेम दहावा हिस्सा भरलं. नमुने फ्रिजमध्ये ठेवले आणि पाच दिवसांनी पुन्हा तपासले, तर काम कितीतरी वाढलेलं! म्हणजे विकर कुठल्याशा पिशवीत कोंडलेलं होतं आणि आवरण फाटल्यावर बाहेर पडलं. पिशवी डोळ्यांनी दिसली नव्हती, तरी ती असणार हे फ्रिजमधल्या नमुन्याने सांगितलं. नाव १९५५ मध्ये दिलं. द दुव्ह यांना १९७४ चं नोबेल मिळालं, आल्बेर क्लोद आणि जॉर्ज पलाडे यांच्यासोबत.

याउलट ‘तंतुकणिका’ हे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचं शब्दशः भाषांतर: मिटोस म्हणजे तंतू, काँड्रोस म्हणजे कण. चूक काहीच नाही, पण त्या नावावरून ऊर्जेचा पत्ता लागत नाही.

पुन्हा प्रश्न: मग लयकारिकांना ‘आत्मघाती पिशव्या’ म्हणतात ते?

उत्तर: ते मला खटकतं. पेशीतले जुने, झिजलेले भाग मोडून त्यांचा माल परत वापरात आणणं हे लयकारिकांचं रोजचं काम. द दुव्ह यांनीच १९६३ मध्ये त्या क्रियेला ‘ऑटोफॅजी’ म्हटलं, मराठीत ‘स्वभक्षण’. ‘आत्मघाती’ म्हटलं की मुलांच्या डोक्यात फक्त मरण राहतं आणि ही डागडुजी निसटते. मुलीला दुधात विरघळणारी साखर दाखवा आणि सांगा, हा लय.