ग्रीन कार्डवर थांबावं की अमेरिकेचं नागरिकत्व घ्यावं? एका बागायतदार घरातला वाद

पिंपळगावकर
धाकट्या भावाला ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं होत आली. तो न्यू जर्सीत, द्राक्षबाग पिंपळगाव बसवंतला, आई-वडील नाशिकला गंगापूर रोडवर. नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज पाच वर्षं पूर्ण व्हायच्या ९० दिवस आधीपासून भरता येतो, म्हणून घरात विषय निघाला आणि दोन तट पडले. वडील म्हणतात, पासपोर्ट सोडला म्हणजे घर सोडलं. माझं मत उलटं आहे. ज्याला नाशिकला मोकळेपणानं येऊन राहायचंय, त्यानं तर नागरिकत्व आधी घ्यावं.

ऑक्टोबरात गोडी (फळांसाठीची) छाटणी, मग डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, थिनिंग म्हणजे मणी विरळ करणं, फवारण्या, फेब्रुवारी-मार्चात माल निघतो, एप्रिलात खरड छाटणी. पूर्ण हंगाम बागेत काढायचा तर सहा महिने उलटतातच. आणि ग्रीन कार्डवाला सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिला, की नागरिकत्वासाठी लागणारं त्याचं सलग वास्तव्य खंडित झालं असं गृहीत धरतात. तसं झालं नाही हे नोकरी, घर, कर यांचे कागद दाखवून त्यानंच पटवायचं. वर्षभर बाहेर राहिलं तर तीही सोय संपते. शिवाय पाच वर्षांत मिळून ३० महिने प्रत्यक्ष तिथं असावं लागतं. नागरिक होऊन ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांसाठीचं कार्ड, काढलं, की भारतात येण्याजाण्याचा व्हिसा आजन्म. कितीही राहा, परदेशी म्हणून नोंदणीची भानगड नाही.

सातपूरची लेक
दादा, येण्याजाण्याचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात मतदानाचा हक्क कुठंय? घटनेचं नववं कलम आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचंही नववं कलम, दोन्ही सरळ सांगतात: स्वेच्छेनं परक्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपलं. तिकडे शपथ झाली, की इकडचं नातं कायद्यानं तुटलं. आज तो ग्रीन कार्डवर आहे तोवर ६अ नमुना भरून, पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव लावू शकतो. प्रत्यक्ष यावं लागतं, पण मत त्याचं आहे.

आणि ओसीआय म्हणजे हक्क नव्हे, दिलेली सवलत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर केंद्रानं अधिसूचित केलेला कायदा मोडला तर म्हणणं ऐकून घेऊन कार्ड रद्द करता येतं. ज्या गावात जन्मलो तिथं सवलतीवर राहायचं, हे मला तरी सहन होणार नाही.

निफाडकर
मत राहू द्या बाजूला. सातबाऱ्यावर नाव राहील का ते बोला. आमच्याकडं जो तो सांगतो की परदेशी नागरिक झाला की जमीन गेली.

वकिलवाडी
निफाडकर, हा गैरसमज मी रोज ऐकतो. जमीन जात नाही. ओसीआय असलेल्याला वडिलांची शेतजमीन वारसानं मिळते, तलाठ्याकडं वारसनोंद होते, फेरफार निघतो. त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानंही मिळत नाही. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते.

पण लक्षात घ्या, खरेदी आणि बक्षिसाची ही बंदी परदेशात स्थायिक झालेल्या भारतीय पासपोर्टवाल्यालाही लागू आहे. म्हणजे पिंपळगावकरांचा भाऊ आज ग्रीन कार्डवर असूनही शेजारचा गट विकत घेऊ शकत नाही. जमिनीच्या बाबतीत पासपोर्ट धरून ठेवून काही वाचत नाही.

कॉलेज रोडचा सीए
माझा विरोध कराच्या बाजूनं आहे. अमेरिकेचा नागरिक जगात कुठंही राहो, सगळ्या उत्पन्नाचा हिशेब तिकडे द्यावाच लागतो. शेतीचं उत्पन्न आपल्याकडं आयकरातून माफ, तिकडे माफ नाही. द्राक्षाचे पैसे ज्या बँक खात्यात पडतात ते खातंही, परदेशी खात्यांतली एकूण रक्कम १०,००० डॉलरवर गेली, की दरवर्षी कळवायचं. ग्रीन कार्डवरही हे सगळं आहेच, पण आठ वर्षं भरायच्या आत कार्ड परत केलं तर तुलनेनं सहज सुटका होते. त्याची पाच होत आलीत. कायमचं परत यायचा विचार असेल, तर निर्णयाची खरी घाई या बाजूनं आहे.

देवळालीची मावशी
मी स्वतः त्या वाटेनं गेलेय, म्हणून लिहिते. नागरिकत्वाच्या मुलाखतीचं फार भय घेतात लोक. अधिकारी समोर टॅबलेट सरकवतो, एक वाक्य वाचायला, एक लिहायला. दोन्हींत तीन वाक्यांतलं एक बरोबर आलं की झालं. नागरिकशास्त्राची परीक्षा आता वाढवलीय: २० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना १२८ प्रश्नांतले २० विचारतात, १२ बरोबर हवेत. वय ५५ आणि ग्रीन कार्डवर १५ वर्षं झाली असतील, तर इंग्रजीची अट सुटते, नागरिकशास्त्र आपल्या भाषेत देता येतं.

जड गेलं ते नंतरचं. रद्दचा शिक्का मारलेला आपला पासपोर्ट हातात परत येतो. रडू आलं मला. तरी पुन्हा विचाराल तर हो म्हणेन. नागरिक मुलगा २१ वर्षांचा झाला की आई-वडिलांसाठी थेट अर्ज करू शकतो, त्यात वार्षिक कोट्याची रांग नाही. ग्रीन कार्डवाल्याला आई-वडिलांसाठी अर्जच करता येत नाही. म्हातारपणी हे फार मोठं असतं.

सातपूरची लेक
मावशी, पण पिंपळगावकरांच्या आई-वडिलांना न्यू जर्सीला जायचंय का, हे कुणी विचारलंय? मुलगा इथं यावा म्हणून ते झुरताहेत.

पिंपळगावकर
नाही जायचं त्यांना, बाग सोडून आई चार दिवस मुंबईलाही राहत नाही. म्हणूनच म्हणतो, यायचं त्यालाच आहे, आणि ग्रीन कार्ड त्याला येऊ देत नाही. मतदानाचा मुद्दा मला लागला, तो मी नाकारत नाही. पण पाच वर्षांतून एकदा मत देणारा मुलगा की दर छाटणीला हजर असलेला मुलगा, असं विचारलं तर मी दुसरा निवडतो. पुढं कायमचा आला, तर ओसीआयची पाच वर्षं आणि अर्जाआधीचं वर्षभर इथलं वास्तव्य यावर भारतीय नागरिकत्वासाठी पुन्हा अर्ज करता येतो. दार बंद होत नाही.

सातपूरची लेक
अर्ज करता येतो, मिळेलच असं नाही. माझं मत बदललेलं नाही.

वकिलवाडी
जे ठरेल ते ठरो, दोन कामं करा. वडिलांचं मृत्युपत्र नोंदवून घ्या. आणि भाऊ शपथ घेणार असेल, तर लगेचचं नाशिकचं तिकीट काढू देऊ नका. शपथेनंतर जुन्या पासपोर्टवर प्रवास करणं गुन्हा आहे. आधी अमेरिकेचा पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट जमा केल्याचा दाखला, मग ओसीआय, याच क्रमानं.