सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न आणि पोटावरचे ते दोन पट्टे: तुमचे अनुभव सांगा

लालबागची_लेक
आमची चाळ रिडेव्हलपमेंटला चालली आहे, आठवडाभर कपाटं उपसतेय. आज लेकीच्या लसीकरणाच्या कार्डात घडी घातलेला एक कागद सापडला. वीतभर लांब, बारीक चौकटींचा. बाळाच्या ठोक्यांची रेघ जवळजवळ उडालीय, खालच्या कळांच्या टेकड्या मात्र अजून दिसतात. तिथेच जमिनीवर बसले.

2014 ची गोष्ट. थोरला सिझरचा. दुसऱ्या वेळी डॉक्टरबाई म्हणाल्या, गर्भपिशवीवरचा छेद आडवा आणि खालच्या भागात आहे, नॉर्मलचा प्रयत्न करू. पण कळा सुरू झाल्या की बाळाचे ठोके आणि कळा टिपणारं मशीन सतत लावलेलं राहील. दोनशेत एखादीचा जुना टाका आतून उसवतो आणि त्याची पहिली खूण बहुतेकदा बाळाच्या ठोक्यांतच दिसते. म्हणून एक पट्टा वर, कळांसाठी, आणि दुसरा खाली, ठोक्यांसाठी. त्याखाली गारेगार जेल.

सात तास ठोक्यांचा तो आवाज ऐकला. माझी आई ब्लाउज शिवायची, तिचं मशीन जोरात चालायला लागलं की असाच आवाज यायचा. 142, 138, 145. पहाटे एकदा आकडा 90 वर आला. सिस्टरने काही न बोलता मला डाव्या कुशीवर वळवलं, पट्टा सरकवला. आकडा वर चढेपर्यंत मी श्वासच घेतला नसेल. चारच्या सुमारास लेक झाली.

एकच खंत राहिली. पट्टे लावूनही खुर्चीत बसता येतं, पलंगाला धरून उभं राहता येतं, हे मला कोणी सांगितलं नाही. मी सातही तास पडून कळा काढल्या. तुमचं काय झालं? लिहा ना.

आर्याची_आई
अंगावर काटा आला वाचून. माझं व्हीबॅक (सिझरनंतरचं नॉर्मल) 2021, डोंबिवली. मला वायरलेस मशीन मिळालं, खोलीभर फिरले. सगळीकडे नसतं ते, आधी फोन करून विचारा. आता कुकर लावते, नंतर सविस्तर लिहीन.

भांडुप_सुमा
माझं उलटं झालं. ठोके 70 वर गेले आणि वर आलेच नाहीत. मला दुखणं नेहमीच्या कळेसारखंच वाटत होतं, वेगळं काही नाही. त्या रेघेवरूनच डॉक्टरांना कळलं. ट्रॉली पळत नेली, सासूबाई मागून चपला घेऊन धावत होत्या. टाका एका कोपऱ्यात उसवला होता. मुलगा चार दिवस काचेत होता, आज तिसरीत आहे. नॉर्मल झालं नाही म्हणून कोणी हळहळलं की मी त्या मशीनची गोष्ट सांगते.

लालबागची_लेक
सुमाताई 🙏 चपलांचं वाचून डोळे भरून आले.

निवृत्त_सिस्टर
26 वर्षं लेबर रूममध्ये काढली, म्हणून थोडं सांगते. बाळाचे ठोके साधारण 110 ते 160. कळेबरोबर जरा उतरून लगेच वर आले तर घाबरायचं नाही. कळ ओसरली तरी उतरलेलेच राहिले की आम्ही धावतो. उताणं झोपलं की पिशवीचा भार मोठ्या शिरेवर येतो, बाळाकडे रक्त कमी जातं, म्हणून ती डावी कूस. आणि मशीन कधीकधी आईचीच नाडी पकडतं! म्हणून माझं एक बोट कायम बाईच्या मनगटावर असायचं.

बाळांनो, मशीन लावलंय म्हणून गप्प राहू नका. दोन कळांच्या मधेही टाक्यावर दुखत राहिलं, रक्त गेलं, येणाऱ्या कळा अचानक थांबल्या, तर लगेच हाक मारा. कागद वाचायला माणूस लागतं. शेजारच्या खोलीत कोणी ओरडत असलं की आमचं लक्ष वाटलं जातं, हे खरं आहे.

वसईचा_बाबा
मी बाहेर बाकावर होतो. दार उघडलं की तो आवाज यायचा, बंद झालं की नाही. पाच तास दाराकडेच बघत बसलो. एवढंच.

छत्तीस_आठवडे
मी घाटकोपर. सगळं वाचतेय आणि हातपाय गार पडलेत. दर पंधरा मिनिटांनी डॉपलरने, म्हणजे ठोके ऐकायच्या त्या हातातल्या छोट्या यंत्राने, ऐकलं तर नाही का चालत? पट्ट्यांची भीती वाटते.

निवृत्त_सिस्टर
बाळा, पहिलटकरणीचं सगळं सुरळीत असेल तर तसं ऐकतात. जुना टाका असेल तर मधल्या चौदा मिनिटांत काय झालं ते कळायला हवं ना. पहिल्या सिझरचे कागद काढून ठेव. पोटावरचा व्रण आडवा असला तरी आत पिशवीवर छेद कसा घेतला ते ऑपरेशनच्या नोंदीतच कळतं.

भांडुप_सुमा
आणि रात्री ऑपरेशन थिएटर आणि भूलतज्ज्ञ तिथेच हजर असतात का तेही विचार. मी आधी जिथे नाव घातलं होतं तिथे भूलतज्ज्ञ घरून बोलवायचे. सातव्या महिन्यात जागा बदलली. ट्रॅफिकमध्ये अडकले असते तर, हा विचार अजून येतो.

आर्याची_आई
आले परत. छत्तीस, घाबरू नकोस गं, प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या साठ ते ऐंशी जणींचं नॉर्मल होतं. मी पट्टे लावून एपिड्युरलही (कळांचं दुखणं कमी करायला पाठीत देतात ते औषध) घेतलं होतं, चालतं. फक्त बाथरूमला जाताना वायर काढून द्यायला सांग, लाजू नकोस. तुझी आई येणार आहे का? डिंकाचे लाडू आतापासून नको, उन्हाळ्यात खवट होतात.

छत्तीस_आठवडे
आई पुढच्या आठवड्यात येतेय चिपळूणहून. लाडू तिथूनच 😊 ऑपरेशनचा कागद नवऱ्याला शोधायला लावलाय.

गिरगाव_नीता
विषयाला सोडून, पण लालबागताई, तो कागद थर्मल असतो. उन्हात, प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलात तर उरलीसुरली रेघही जाईल. आजच फोटो काढा.

लालबागची_लेक
नीता, बरं झालं सांगितलंस. आत्ताच खाली जाऊन आले. झेरॉक्सवाल्या दादांनी तीनदा गडद करून काढली. मिनिटाला एक सेंटीमीटर कागद सरकतो, म्हणजे माझ्याकडे वीस मिनिटं आहेत. तो 90 चा खड्डा नाही त्यात, त्यानंतरचा तुकडा दिला असणार सिस्टरने. लेक विचारतेय, यातली मी कुठली. वरची रेघ दाखवली तिला.