डिक्शनरीतल्या सगळ्या व्हॅल्यूजवर फंक्शन चालवायचंय, कोणती पद्धत वापरू?

धागाकर्ता:
पायथॉनमध्ये एक डिक्शनरी (की आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्यांचा साठा) आहे. वस्तूंची नावं कीज, किमती व्हॅल्यूज. किमती फाइलमधून वाचल्यामुळे स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, आहेत. काहींत स्वल्पविराम, काही रिकाम्या. सगळ्यांचे आकडे करायचेत. मॅप (प्रत्येक घटकावर फंक्शन चालवणारा) वापरला तर फंक्शनकडे नुसती नावंच जातात. फॉर लूपमध्ये रिकाम्या नोंदी डेल या कमांडने काढायला गेलं की रनटाइम एरर: डिक्शनरी चेंज्ड साइज ड्युरिंग इटरेशन. नोंदी पन्नास हजारांच्या आसपास.

प्रतिसाद १:
डिक्शनरी नुसती फिरवली की कीजच हाती लागतात, म्हणून मॅपने तसं केलं. जोड्या हव्यात तर आयटम्स() घ्या आणि सरळ डिक्ट कॉम्प्रिहेन्शन, म्हणजे एका ओळीत नवी डिक्शनरी बनवणारी रचना, लिहा ('यादी' म्हणजे तुमची डिक्शनरी, 'बदल' म्हणजे तुमचं फंक्शन):

{नाव: बदल(किंमत) फॉर नाव, किंमत इन यादी.आयटम्स() इफ किंमत.स्ट्रिप()}

स्ट्रिप() कडेच्या स्पेस काढतं, म्हणून शेवटच्या इफमुळे रिकाम्या आणि नुसत्या स्पेसच्या नोंदी गळतात, डेलची गरजच उरत नाही. 'बदल'मध्ये आधी रिप्लेसने स्वल्पविराम काढा, मग आकडा करा. फ्लोट() (मजकुराचा दशांश आकडा करणारा) कडेच्या स्पेस खपवून घेतो, पण स्वल्पविराम दिसला की व्हॅल्यूएरर. आणि पैशांचा हिशोब असेल तर फ्लोट नकोच, दशांश अचूक ठेवणारा डेसिमल वापरा: फ्लोटमध्ये ०.१ + ०.२ बरोबर ०.३ येत नाही. स्ट्रिंगवरून थेट डेसिमल करा, मध्ये फ्लोट आणलात तर चूक आधीच शिरलेली असते.

पन्नास हजार नोंदींना थ्रेड (कामं समांतर चालवणं) वगैरे काही लागत नाही.

प्रतिसाद २:
वरचं बरोबर, पण कॉम्प्रिहेन्शन नवी डिक्शनरी बनवतं. प्रोग्रॅममध्ये दुसरीकडे कुणी जुनीच धरून बसलं असेल तर त्याला बदल दिसणार नाही. जागच्या जागी बदल हवा असेल तर लूपमध्ये असलेल्याच कीला नवी व्हॅल्यू देता येते, कारण आकार बदलत नाही. की वाढवणं-काढणं चालत नाही. मात्र हे मी टाळा म्हणेन. मध्येच एका किमतीवर फंक्शन अडखळलं तर अर्धी डिक्शनरी आकड्यांची, अर्धी स्ट्रिंगची राहते, आणि पुन्हा चालवलं की आकड्याला स्ट्रिप नाही म्हणून ॲट्रिब्यूटएरर. आधी नवी पूर्ण बनू द्या, मग जुनीवर क्लिअर() (रिकामी करायला) आणि अपडेट(नवी) (नव्या नोंदी भरायला).

धागाकर्ता:
कॉम्प्रिहेन्शन चाललं, आभार. त्याच ओळीत नावंही लोअर() (सगळी लहान इंग्रजी अक्षरं) केली तर?

प्रतिसाद १:
एका ओळीत नको. लहान-मोठ्या अक्षरांच्याच फरकाची दोन नावं असतील तर ती एकच की होतात आणि शेवटची किंमत आधीची पुसते, कसलीही एरर न येता. पायथॉन ३.७ पासून क्रम राखला जातो, त्यामुळे ती किंमत पहिल्या नावाच्या जागी बसते आणि यादी चाळताना काही खटकतही नाही. साधा लूप लिहा. नवी की टाकण्याआधी ती आहे का ते इन वापरून बघा, असेल तर दोन्ही किमती छापा आणि थांबा. त्यातली कोणती ठेवायची हे तुम्हालाच ठरवावं लागेल.